‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ : इंग्रजी उपपदांचा योग्य वापर

मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीचे काळ पाठ करतो, अनियमित क्रियापदांची तीन-तीन रूपे घोकतो, स्पेलिंगवर मेहनत घेतो. तरीही त्याचा अर्ज किंवा निबंध वाचताना जाणकाराला चटकन कळते की, ही भाषा अजून त्याच्या हाती बसलेली नाही. बहुतेक वेळा कारण मोठे नसते. एखादा ‘अ’ गळालेला असतो, एखादा ‘द’ नको तेथे आलेला असतो. बँकांच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांत ‘वाक्यातील चूक ओळखा’ असा प्रश्न असतो, त्यातही हेच शब्द पुन्हा पुन्हा दडवलेले असतात. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी आणि संस्थेचे कागदपत्र लिहिणाऱ्या सभासदांसाठी या तीन लहान शब्दांचा विचार येथे केला आहे. इंग्रजी वाक्ये वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. वाचकांनी ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावीत.

व्याकरणात या शब्दांना आपण उपपदे म्हणतो. ‘द’ हे निश्चित उपपद, तर ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ ही अनिश्चित उपपदे. इंग्रजीत त्यांचे नाव ‘आर्टिकल’. संविधानातील अनुच्छेदालाही इंग्रजीत ‘आर्टिकल’च म्हणतात. दोन्हींचे मूळ एका लॅटिन शब्दात आहे आणि त्याचा अर्थ ‘लहान सांधा’ असा होतो. सांधा लहान असला तरी तो निखळला की हात चालत नाही. वाक्यातील उपपदाचेही तसेच आहे.

मराठीत उपपद नाही, पण जाण आहे

मराठीत ‘द’ सारखा शब्द नाही. संस्कृतात नव्हता, पालीत नव्हता, लॅटिनमध्ये नव्हता आणि आजच्या रशियन भाषेतही नाही. तेव्हा उपपद चुकते यात आपल्या बुद्धीचा दोष आहे, असे कोणी मानू नये. आपली भाषा हे काम वेगळ्या पद्धतीने करते, एवढेच.

पुढील दोन वाक्ये पाहा. ‘आम्ही मुलगा शोधतो आहोत’ आणि ‘आम्ही मुलाला शोधतो आहोत’. पहिले वाक्य ऐकले की घरात मुलीच्या लग्नाचे चालले आहे, असे आपण समजतो. दुसरे ऐकले की कोणाचा तरी मुलगा हरवला आहे, हे कळते आणि आपणही शोधायला निघतो. फरक केवळ ‘ला’ या प्रत्ययाचा. पहिल्या वाक्यातील मुलगा कोणता ते ठरलेले नाही, म्हणून इंग्रजीत ‘अ बॉय’. दुसऱ्यातील मुलगा ठरलेला आहे, म्हणून ‘द बॉय’.

हेच काम मराठी कधी शब्दांच्या क्रमाने करते. ‘दारात कुत्रा उभा आहे’ म्हणजे कोणता तरी कुत्रा आला आहे. ‘कुत्रा दारात उभा आहे’ म्हणजे ज्या कुत्र्याबद्दल आपण बोलत होतो तो. कधी ‘एक’ हा शब्द ते काम करतो. ‘एक राजा होता. राजाला तीन मुलगे होते.’ पहिल्या वाक्यात राजाची ओळख नवी, म्हणून ‘एक’. दुसऱ्या वाक्यात राजा ओळखीचा झाला, म्हणून ‘एक’ गेला. इंग्रजीत याच जागी आधी ‘अ किंग’ आणि नंतर ‘द किंग’ येईल. ‘अ‍ॅन’ हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासूनच आलेला आहे आणि ‘द’ हा ‘तो, ती, ते’ दाखवणाऱ्या दर्शक शब्दापासून.

ओळखीचे आणि अनोळखी यांतला भेद प्रत्येक मराठी माणूस बोलताना रोज पाळतो. इंग्रजी लिहिताना तोच भेद आपण विसरतो, कारण मराठी शब्दांना इंग्रजी शब्द जोडत जातो आणि ‘द’ ला जोडायला मराठीत शब्द सापडत नाही. म्हणून शब्दाला शब्द जोडू नये. त्याऐवजी प्रश्न विचारावेत.

तीन प्रश्न

इंग्रजी वाक्यात नाम आले की पुढील तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : नामापुढची जागा आधीच भरली आहे काय? माय, युवर, हिज, धिस, दॅट, एव्हरी, एनी यांपैकी एखादा शब्द तेथे असेल तर उपपद येत नाही. ‘द माय बुक’ किंवा ‘अ धिस पेन’ असे कधीही होत नाही.

दुसरा प्रश्न : आपण कोणत्या वस्तूबद्दल किंवा व्यक्तीबद्दल बोलतो आहोत, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे काय? असेल तर ‘द’. ते ठाऊक असण्याची कारणे अशी असू शकतात. ती वस्तू आधी बोलण्यात आलेली असते. ती जगात किंवा त्या परिसरात एकच असते, जसे ‘द सन’, ‘द मून’, आणि आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर ‘द तहसीलदार’. किंवा पहिला, शेवटचा, सर्वांत मोठा अशा शब्दाने ती एकटी पडते, जसे ‘द फर्स्ट प्राइज’, ‘द बिगेस्ट हॉल’. किंवा नामानंतरच्या शब्दांनी ती नेमकी ठरते. संस्थेचा सचिव एकच असतो, म्हणून ‘द सेक्रेटरी ऑफ अवर सोसायटी’. सभासद मात्र पुष्कळ असतात, त्यांपैकी एकाबद्दल बोलताना ‘अ मेंबर ऑफ अवर सोसायटी’. ‘ऑफ’ दिसला की डोळे मिटून ‘द’ लावणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी.

तिसरा प्रश्न : कोणती ते ठाऊक नसेल, तर ती मोजता येणारी आणि एकच आहे काय? असेल तर ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’. अनेक असतील किंवा मोजता न येणारी असेल तर काहीही नाही. ‘आय बॉट अ बुक’, पण ‘आय बॉट बुक्स’ आणि ‘आय बॉट राइस’.

दोन ठिकाणी आपण हमखास घसरतो. पहिले म्हणजे व्यवसाय. मराठीत ‘तो शिक्षक आहे’ या वाक्यात ‘एक’ नसतो, म्हणून आपण ‘ही इज टीचर’ लिहितो. योग्य वाक्य ‘ही इज अ टीचर’. दुसरे म्हणजे सल्ला, बातमी, माहिती, फर्निचर हे शब्द. मराठीत ‘एक बातमी सांगतो’ असे सहज चालते. इंग्रजीत न्यूज, अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर ही नामे मोजता येत नाहीत, म्हणून ‘अ न्यूज’ चूक. ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणावे, किंवा नुसते ‘न्यूज’. याउलट मराठीतील ‘किलोला साठ रुपये’ यातील ‘ला’ साठी इंग्रजीत ‘अ’ चालतो : ‘सिक्स्टी रुपीज अ किलो’.

‘अ’ की ‘अ‍ॅन’? देवनागरीला विचारा

ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांपूर्वी ‘अ‍ॅन’ येतो, असा नियम अनेकांनी पाठ केलेला असतो. तो अर्धवट आहे. ‘अ‍ॅन’ अक्षर पाहून येत नाही, उच्चार ऐकून येतो. येथे मराठी विद्यार्थ्याला मोठी सोय आहे, कारण देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘युनिव्हर्सिटी’ स्पेलिंगमध्ये यू ने सुरू होते, पण देवनागरीत य ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. तसेच ‘अ युरोपियन’, ‘अ युनियन’, ‘अ वन-रुपी नोट’. तासाला इंग्रजी शब्द ‘अवर’. त्यातील एच उच्चारात नाही, म्हणून ‘अ‍ॅन अवर’, ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’. आद्याक्षरांनाही हीच कसोटी लावावी. ‘अ बी.ए.’ पण ‘अ‍ॅन एम.ए.’, ‘अ पोलीस ऑफिसर’ पण ‘अ‍ॅन आय.ए.एस. ऑफिसर’. ‘अ‍ॅन एल.आय.सी. एजंट’, ‘अ‍ॅन एस.टी. बस’, ‘अ‍ॅन एच.एस.सी. सर्टिफिकेट’ हे सर्व बरोबर. मात्र आपल्याकडे काही जण ‘यम.ए.’, ‘यल.आय.सी.’ असा उच्चार करतात, त्यांची कसोटी येथे फसेल. उच्चार ‘एम’, ‘एल’ असाच करावा.

उपपद पाहते ते लगतच्या शब्दाकडे, नामाकडे नव्हे. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’ पण ‘अ‍ॅन ओल्ड युनिव्हर्सिटी’, ‘अ‍ॅन ऑफिस’ पण ‘अ न्यू ऑफिस’.

‘द’ चे स्पेलिंग एकच, उच्चार मात्र दोन. व्यंजनापूर्वी ‘द’ आणि स्वरापूर्वी ‘दि’ : ‘द बुक’, ‘दि ऑफिस’. आपल्याकडे सहकारी बँकांच्या आणि सोसायट्यांच्या पाट्यांवर सरसकट ‘दि’ लिहिण्याची रीत पडली आहे. पाटी तशीच राहू द्यावी, वाचनात फरक करावा.

नागपूर भागातील वाचकांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘ऑरेंज’ हा शब्द संस्कृत ‘नारंग’ पासून फारसी-अरबीमार्गे युरोपात गेला. तिकडच्या भाषांत शब्दापूर्वीच्या उपपदातही ‘न’ होता, त्यामुळे फळाच्या नावातील ‘न’ उपपदाचाच समजला जाऊन गळाला, असे भाषाअभ्यासक मानतात. इंग्रजीत ‘एप्रन’ चे असेच झाले. मूळ शब्द ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ म्हणता म्हणता लोक ‘अ‍ॅन एप्रन’ म्हणू लागले.

ग्रंथांच्या नावांतून व्याकरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांची नावे आपल्या वाचकांना तोंडपाठ असतात. ती नीट पाहिली तर उपपदांचे जवळजवळ सर्व नियम त्यांत सापडतात.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाचे नाव ‘कास्ट्स इन इंडिया’ने सुरू होते. जाती अनेक, त्यामुळे अनेकवचन आणि उपपद नाही. १९३६ सालच्या ग्रंथाचे नाव ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. येथे ‘कास्ट’ एकवचनी आहे, तरी त्यापूर्वी उपपद नाही, कारण हा शब्द येथे मोजण्याच्या जातीसाठी वापरलेला नाही. तो जात या संपूर्ण व्यवस्थेसाठी आहे. आता येथे कोणी ‘ऑफ अ कास्ट’ लिहिले, तर अर्थ होईल ‘कोणत्या तरी एका जातीचा उच्छेद’. ‘ऑफ द कास्ट’ लिहिले, तर ‘त्या विशिष्ट जातीचा उच्छेद’. एका अक्षराच्या शब्दाने ग्रंथाचे म्हणणेच उलटे झाले असते. उपपद कोठे लावावे याइतकेच ते कोठे लावू नये हे शिकणे किती गरजेचे आहे, ते या एका नावावरून कळते.

१९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावात ‘द’ दोनदा आहे. पहिला ‘द’ अशासाठी की, प्रश्न कोणता ते पुढच्या शब्दांनी ठरते. दुसरा ‘द’ एका नाण्यासाठी नाही. तो रुपया या चलनासाठी आहे. एकवचनी नामाला ‘द’ लावून पूर्ण वर्ग दाखवण्याची ही इंग्रजीतील रीत आहे. १९४६ सालच्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या नावात अनेकवचनापूर्वी ‘द’ आहे, कारण विचारणा काही शूद्रांबद्दल नाही, त्या संपूर्ण समूहाबद्दल आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आठवणींचे लेखन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या वाङ्मयाच्या बाराव्या खंडात, १९९३ साली, आले आहे. येथे ‘अ’ आहे. हातात कोणताही ठरलेला परवाना नाही, एखादा मिळावा म्हणून थांबणे आहे. ‘फॉर द व्हिसा’ म्हटले असते तर व्हिसा मंजूर झाला आहे, फक्त हाती पडायचा आहे, असे वाटले असते.

शेवटी १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘द बुद्धा अँड हिज धम्म’. माणसाच्या नावापूर्वी इंग्रजीत उपपद येत नाही. ‘सिद्धार्थ गौतम’ असे नुसतेच लिहितात. मग ‘बुद्ध’ शब्दापूर्वी ‘द’ का? कारण ‘बुद्ध’ हे नाव नसून पद आहे. त्याचा अर्थ जागृत झालेला असा आहे. ‘धम्म’ शब्दापूर्वी मात्र उपपद नाही, कारण ती जागा ‘हिज’ने घेतली आहे. आपला पहिला प्रश्न येथे कामी आला.

संविधानातील ‘अ’ आणि ‘द’

‘आधी अ, मग द’ या नियमाचा सर्वांत नमुनेदार पाठ भारताच्या संविधानात आहे. पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ असल्याचे सांगताना शब्द आहेत ‘अ युनियन ऑफ स्टेट्स’. संघाची ओळख प्रथमच होत आहे, म्हणून ‘अ’. शिवाय उच्चार य ने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन’ नाही. एकदा ओळख झाली की त्रेपन्नाव्या अनुच्छेदात तो ‘द युनियन’ होतो. राष्ट्रपतींचेही तसेच. बावन्नाव्या अनुच्छेदात ‘अ प्रेसिडेंट’ आणि लगेच पुढच्या अनुच्छेदात ‘द प्रेसिडेंट’. बावन्नाव्याने पद निर्माण केले, त्रेपन्नाव्याने त्या पदाला अधिकार दिले. निवडणुकांबाबतच्या तीनशे चोविसाव्या अनुच्छेदात तर एकाच वाक्यात दोन्ही आहेत. आधी ‘अ कमिशन’ आणि लगेच कंसात, या संविधानात त्याला ‘द इलेक्शन कमिशन’ म्हटले आहे, असा खुलासा. आपल्या संस्थेची घटना किंवा ठराव इंग्रजीत लिहिताना हीच पद्धत पाळावी.

चौदाव्या अनुच्छेदातील ‘इक्वॅलिटी बिफोर द लॉ’ हे शब्दही पाहावेत. समता हा गुण आहे, मोजता येत नाही, म्हणून उपपद नाही. कायदा मात्र देशातला, सर्वांना लागू असणारा, म्हणून ‘द’. आणखी एक बारीक गोष्ट : नामानंतर क्रमांक आला की ‘द’ लावत नाहीत. ‘आर्टिकल १४’, ‘रूम नंबर ५’, ‘प्लॅटफॉर्म नंबर २’. क्रमवाचक शब्द आधी आला की मात्र ‘द’ लागतो : ‘द टेन्थ स्टँडर्ड’.

गावे, नद्या आणि वर्तमानपत्रे

गाव, शहर, राज्य यांच्या नावांपूर्वी उपपद नाही : कामठी, नागपूर, महाराष्ट्र. नदी, समुद्र आणि पर्वतरांग यांपूर्वी ‘द’ : ‘द कन्हान’, ‘द वैनगंगा’, ‘द अरेबियन सी’, ‘द सातपुडा रेंज’. तलावाच्या नावापूर्वी नाही : ‘अंबाझरी लेक’, ‘लोणार लेक’. तेव्हा ‘कामठी इज ऑन द कन्हान’ हे वाक्य पाठ करून ठेवले तर गाव आणि नदी, दोघांचे नियम एकत्र लक्षात राहतील. १९२३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला ‘नागपूर युनिव्हर्सिटी’ म्हणताना उपपद नको, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ नागपूर’ म्हणताना हवे. पुष्कळ वर्तमानपत्रांच्या नावात ‘द’ असतो. नागपूरच्या ‘द हितवाद’मध्ये तर आपल्या भाषेतील शब्दालाही इंग्रजीचा ‘द’ लागला आहे.

एका शब्दाने बदलणारा अर्थ

काही ठिकाणी उपपद चुकले तर वाक्य अशुद्ध होत नाही, पण अर्थ बदलतो. अशा चुका जास्त घातक, कारण त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत.

बँकेत खाते उघडण्यासाठी संस्थेने ठराव केला. त्यात ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर’ असे लिहिले तर ती एकच व्यक्ती होते, जिच्याकडे दोन्ही पदे आहेत. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’ लिहिले तर त्या दोन व्यक्ती, म्हणजेच दोन सह्या. एक ‘द’ गळाला तर पैशांच्या व्यवहारावरील दुसऱ्या सहीचे बंधनच संशयात पडते.

वार्षिक अहवालात ‘अ फ्यू मेंबर्स हॅव पेड’ लिहिले तर काही सभासदांनी वर्गणी भरली, असा समाधानाचा सूर येतो. ‘फ्यू मेंबर्स हॅव पेड’ म्हटले तर जवळजवळ कोणीच भरली नाही, अशी तक्रार होते. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ यांच्यातही हाच फरक आहे.

रजेच्या अर्जात ‘माय फादर इज इन हॉस्पिटल’ म्हणजे वडील रुग्ण म्हणून दाखल आहेत. ‘अ‍ॅट द हॉस्पिटल’ म्हणजे ते त्या इमारतीत आहेत, कदाचित कोणाला भेटायला गेले असतील. ‘ही वेंट टु जेल’ म्हणजे त्याला कैद झाली. ‘ही वेंट टु द जेल’ म्हणजे तो काही कामासाठी तुरुंगात जाऊन आला. कोणाच्या चारित्र्याच्या दाखल्यात हा ‘द’ विसरला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. शाळा, कॉलेज, बाजार, चर्च यांनाही ही रीत लागू आहे. जागा जिच्यासाठी आहे त्याच कामाला गेले तर उपपद नाही, अन्य कामाला गेले तर ‘द’. आपल्या पाठ्यपुस्तकांत येणारी ही ब्रिटिश पद्धत आहे. अमेरिकेत रुग्णासाठीही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात.

थोडा सराव

नियम वाचून उपपदे येत नाहीत, डोळ्यांना सवय लावून येतात. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील दहा ओळी घ्याव्यात. प्रत्येक ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ भोवती लाल शाईने गोल काढावा आणि वरील तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाने तो आला ते समासात लिहावे. ज्या नामांपूर्वी काहीच नाही त्यांखाली रेघ ओढावी आणि तेथे ते का नाही, हेही लिहावे. दोन महिने हे नेमाने केले तर लिहिताना हात आपोआप थांबू लागतो.

तूर्त रिकाम्या जागा भरून पाहाव्यात :

१. माय सिस्टर इज --- इंजिनिअर.
२. --- कन्हान फ्लोज निअर --- कामठी.
३. ऑरेंजेस आर एटी रुपीज --- डझन.
४. शी गेव्ह मी --- युजफुल बुक. --- बुक वॉज अबाउट ग्रामर.
५. ही इज --- सेक्रेटरी ऑफ अवर सोसायटी, अँड आय अ‍ॅम --- मेंबर.
६. --- एज्युकेशन इज --- बेस्ट गिफ्ट.

उत्तरे : १. अ‍ॅन. २. द, काही नाही. ३. अ. ४. अ, कारण ‘युजफुल’चा उच्चार य ने सुरू होतो, द, कारण पुस्तकाची ओळख झाली. ५. द, अ. ६. काही नाही; द.

ज्यांची सर्व उत्तरे बरोबर आली त्यांनी आपल्या घरातील किंवा वस्तीतील एका तरी लहान विद्यार्थ्याला ‘मुलगा शोधतो आहोत’ आणि ‘मुलाला शोधतो आहोत’ यांतला फरक समजावून सांगावा. तो फरक त्याला आधीच ठाऊक असतो. इंग्रजी लिहिताना तो कोठे उपयोगी पडतो, एवढेच त्याला कोणीतरी दाखवून द्यावे लागते.